फोर्ट स्मिथ : सरहद्दीवरचे ठाणे आणि तिथले फेडरल कोर्ट

अमेरिकेत आर्कान्सॉ आणि पोटो या नद्यांच्या संगमावर १८१७ च्या नाताळच्या दिवशी मेजर विल्यम ब्रॅडफर्डची तुकडी उतरली. ओसेज आणि पूर्वेकडून सरकत आलेले चेरोकी या मूलनिवासी जमातींत रक्तपात चालला होता, तो थोपवण्यासाठी फोर्ट स्मिथ हे ठाणे. १८२४ मध्ये सैन्य आणखी पश्चिमेला गेले आणि ओंडक्यांचा कोट ओस पडला.

पुढे १८३० च्या कायद्याने चेरोकी, चोक्टॉ, क्रीक यांसारख्या जमातींना त्यांच्या मुलखातून हुसकावून 'इंडियन टेरिटरी'त, म्हणजे आजच्या ओक्लाहोमात, ढकलले गेले. १८३८ मध्ये दगडी किल्ल्याचे काम सुरू झाले ते सरहद्दीवरच्या गोऱ्या वस्तीला या जमातींची भीती वाटत होती म्हणून. घरदार गेले त्यांचे आणि संरक्षण मिळाले दुसऱ्यांना, हे विसरता कामा नये. हल्ला कधी आलाच नाही. किल्ला रसदीचे कोठार झाला, अमेरिकेच्या यादवी युद्धात आधी दक्षिणेतल्या बंडखोर राज्यांच्या आणि १८६३ मध्ये परत उत्तरेच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या, ताब्यात गेला.

१८७१ मध्ये सैन्य कायमचे हलले आणि त्याच वर्षी फेडरल कोर्ट, म्हणजे केंद्र सरकारचे न्यायालय, गावात आले. रिकाम्या बराकीत न्यायालय भरू लागले. जमातींची स्वतःची न्यायालये होती, पण त्यांना फक्त आपल्याच लोकांवर खटला चालवता येई. गोरा गुन्हेगार टेरिटरीत शिरला की त्याला हात लावायची त्यांना मुभा नव्हती. खरी मेख इथेच होती. पळपुट्यांना तो मुलूख आयताच सापडला आणि टेरिटरीवर अधिकार असलेल्या फोर्ट स्मिथच्या कोर्टावर सगळा भार आला.

मार्शल म्हणजे कोर्टाचे हुकूम बजावणारा फेडरल अधिकारी; त्याच्या हाताखालच्या डेप्युटींना ठरलेला पगार नव्हता. अटकेमागे फी आणि मैलामागे भत्ता, एवढ्यावर ते जीव धोक्यात घालत. गुलामीत जन्मलेले बास रीव्ह्ज हे त्यांतले सर्वांत नावाजलेले. पकडलेले कैदी बराकीच्या तळघरातल्या दोन खोल्यांत कोंबले जात. झोपायला फरशी, शौचाला टब. वर कोर्ट चाले.

१८७५ मध्ये आलेले न्यायाधीश आयझॅक पार्कर यांनी २१ वर्षांत १३,४९० खटले चालवले. १६० जणांना फाशीची शिक्षा झाली, प्रत्यक्षात ७९ फासावर गेले. 'फाशीवाला न्यायाधीश' हे नाव त्यांना चिकटले ते मला अन्यायाचे वाटते, कारण खुनाला आणि बलात्काराला फेडरल कायद्यात तेव्हा दुसरी शिक्षाच नव्हती. बोचणारी गोष्ट वेगळी आहे : १८८९ पर्यंत फाशीविरुद्ध अपिलाची सोयच नव्हती, दयेचा अर्ज राष्ट्राध्यक्षांकडे करायचा, बस्स.

१ सप्टेंबर १८९६ रोजी टेरिटरीवरचा या कोर्टाचा अधिकार संपला. नोव्हेंबरमध्ये पार्कर वारले. कोणाचा खटला कुठे चालवायचा हा वाद मात्र चालूच आहे. क्रीक जमातीचे राखीव क्षेत्र कायद्याने कधी मोडीत निघालेच नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये दिला. त्यामुळे तिथल्या मूलनिवासी आरोपींचे गंभीर खटले ओक्लाहोमा राज्याच्या हातून निघून फेडरल कोर्टाकडे गेले.