गॅस गीझर बसवून घेण्याआधी : आमच्या ग्राहकांसाठी माहिती

गॅस गीझर आम्ही बाथरूमच्या आत बसवत नाही. पाइप लांब जाईल, बाल्कनीत जागा नाही, शेजाऱ्यांकडे आतच आहे, अशी कारणे नेहमी पुढे येतात. तरी आमचे उत्तर तेच असते. गीझर ड्राय बाल्कनीत, मागच्या गॅलरीत किंवा बाहेरच्या भिंतीवर, आणि बाथरूममध्ये फक्त गरम पाण्याचा पाइप. बंद डक्टमध्येही आम्ही तो लावत नाही. असे का, ते ऑर्डर देण्याआधी जरूर वाचा.

हवेचा हिशेब

मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला साडेदहा किलोवॅटच्या आसपास उष्णता लागते. विजेचा इन्स्टंट गीझर साधारण ३ किलोवॅटचा असतो, त्यावरून अंदाज येईल. या वेगाने तासाला जवळपास १ किलो एलपीजी जळतो आणि तो नीट जळायला सुमारे १३ घनमीटर हवा लागते. चार बाय सहाच्या, आठ फूट उंच बाथरूममध्ये हवा असते जेमतेम साडेपाच घनमीटर. दार-खिडकी बंद असली की थोड्याच वेळात ज्योतीला प्राणवायू कमी पडतो, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो, म्हणून गळती नाकाला कळते. कार्बन मोनॉक्साइडला रंगही नाही आणि वासही नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट जोमाने चिकटतो. डोके जड होते, मळमळते, पाय लटपटतात. काहीतरी बिनसले आहे हे लक्षात येईपर्यंत कडी काढण्याची ताकदही उरलेली नसते. नाशिक-निफाडकडे थंडी पडली की लोक झरोक्याच्या पट्ट्यांवर पुठ्ठा किंवा थर्माकोल लावून टाकतात. गीझर आत असेल, तर हाच पुठ्ठा जीव घेऊ शकतो.

बसवताना

गीझरवर आयएसआय चिन्ह असावे, आणि तो एलपीजीचा आहे की पाइप गॅसचा, हे खोक्यावर वाचून घ्या. दोन्हींचे जेट, म्हणजे गॅस सोडणारी बारीक छिद्रे, वेगळे असतात. एकाचा गीझर दुसऱ्यावर परस्पर जोडू नये. पाइप गॅसची जोडणी फक्त गॅस कंपनीच्या अधिकृत माणसाकडून करून घ्या, त्या नळीला आम्हीही हात लावत नाही.

एलपीजीसाठी आम्ही स्टीलच्या जाळीची सुरक्षा ट्यूब वापरतो. तिच्यावर मुदत छापलेली असते, ती तुम्हाला दाखवूनच जोडतो. शेगडीच्या रबरी नळीला मध्येच टी (तीन तोंडांचा जोड) लावून तिथून गीझर चालवण्याची पद्धत बरीच दिसते. तसे आम्ही करत नाही.

वरच्या मजल्यावरच्या ग्राहकांनी पाण्याचा दाब आधी तपासून घ्यावा. टाकीतले पाणी गीझरच्या ३ मीटर वर असेल, तरी दाब ०.३ बारच मिळतो. दाब अपुरा पडला की आतला डायफ्राम, म्हणजे पाण्याच्या दाबाने गॅस उघडणारा पडदा, सरकत नाही आणि गीझर पेटत नाही. मग दोष गीझरचा समजून तो बदलला जातो, आणि खरी गरज छोट्या प्रेशर पंपाची असते.

पहिल्यांदा सुरू करताना

हे काम आमचा माणूस तुमच्यासमोर करेल. आधी फक्त पाणी सुरू करायचे. नळातून येणारी फडफड थांबली की आतली हवा गेली. मग नळ बंद करून गॅस उघडायचा आणि प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावायचा. काडी लावून गळती पाहू नये, कुणी तसे करू लागला तर त्याला तिथेच थांबवा. एकही बुडबुडा नसेल, तरच सेल घालायचे.

नळ उघडल्यावर टक-टक असा ठिणगीचा आवाज येतो आणि ज्योत पेटते. नव्या नळीत हवा असल्यामुळे पहिल्या खेपेला ती पेटणार नाही, असे होऊ शकते. तेव्हा नळ बंद करून, साचलेला गॅस जाऊ देऊन मगच पुन्हा उघडायचा. लागोपाठ प्रयत्न केले तर भडका उडतो. गीझरच्या छोट्या खिडकीतून दिसणारी ज्योत निळी आणि स्थिर हवी. पिवळी दिसली, काजळी धरली, तर गीझर बंद करून आम्हाला कळवा.

घरात आधीच आत बसवलेला असेल तर

तो हलवेपर्यंत दार उघडे ठेवून बादली भरा, गीझर बंद करा आणि मगच आंघोळीला जा. वीस लिटरची बादली साडेतीन मिनिटांत भरते. शॉवर नको, मुलांना तर मुळीच नको.

आत कुणी हाक देऊनही ओ देत नसेल, तर दार तोडा, गॅस बंद करा, त्या माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन लावा. डॉक्टरांना ‘गॅस गीझर चालू होता’ हे आठवणीने सांगा, कारण बोटाला लावायचे ऑक्सिमीटर या विषबाधेतही आकडा चांगला दाखवू शकते. एलपीजी गळतीसाठी क्रमांक १९०६.

बोअरच्या पाण्याचे क्षार कॉइलमध्ये साचतात, म्हणून वर्षातून एकदा, शक्यतो थंडीआधी, साफसफाई करून घ्या. आतला गीझर बाहेर हलवायचा असेल, तर जागा पाहायला आणि पाइप मोजायला येण्याचे आम्ही पैसे घेत नाही.