हायपरबेरिक ऑक्सिजनचा क्लेम का अडकतो?

"डॉक्टरांनी लिहून दिलंय, मग पास का होत नाही?" हॉस्पिटलच्या विमा खिडकीवर बसल्यापासून हा प्रश्न ऐकतेय. मधुमेहामुळे पायाची जखम महिनोन्‌महिने भरत नाही, डॉक्टर हायपरबेरिकच्या, म्हणजे बंद चेंबरमध्ये जास्त दाबाखाली ऑक्सिजन देण्याच्या, 30 सिटिंग सांगतात, घरचे कार्ड घेऊन येतात आणि हातात नकाराचं पत्र पडतं.

आधी पॉलिसीतली वगळलेल्या उपचारांची यादी वाचा. कित्येक पॉलिसींत या उपचाराचं नाव तिथे सरळ छापलेलं असतं. तसं असेल तर कॅशलेसची आशा सोडा आणि खर्चाचा अंदाज लेखी मागून घ्या. नाव नसलं तरी गाडी अडते ती डे-केअरच्या व्याख्येवर: 24 तासांच्या आत, पण भूल देऊन केलेला उपचार. चेंबरमध्ये माणूस दीडेक तास पडून ऑक्सिजन घेतो. ना भूल, ना टाका. कंपनी म्हणते, ही ओपीडी, भरती नाही, म्हणून क्लेम नाही. पॉलिसीतून वगळू नयेत अशा 12 आधुनिक उपचारांची विमा नियामकाची यादी आहे, तिच्यातही हा नाही. पाय वाचवणारा उपचार ओपीडी, आणि तोच पाय कापला तर क्लेम पास! असो.

एक वाट असते. त्याच जखमेसाठी पेशंट आधी ॲडमिट होऊन गेला असेल, तर डिस्चार्जनंतरच्या खर्चात सिटिंग मागता येतात. ही मुदत बहुधा 60 किंवा 90 दिवसांची, आणि ती डिस्चार्जच्या तारखेपासून मोजतात. पहिल्या सिटिंगपासून मोजणारे इथेच फसतात. आठवड्याला पाच धरल्या तरी 30 सिटिंगना सहा आठवडे लागतात. "दिवाळी होऊ दे, मग बघू" म्हणालात की शेवटच्या सिटिंग मुदतीबाहेर गेल्याच म्हणून समजा.

डिस्चार्ज कार्ड, बिलं, आधार, शुगरचे रिपोर्ट सगळेच आणतात. कुणाकडे नसते ती जखमेची नोंद. "डायबेटिक फूट, एचबीओटी (हायपरबेरिक ऑक्सिजन) द्यावी" एवढ्या एका ओळीवर काही होत नाही. वॅगनर ग्रेड, म्हणजे पायाची जखम किती खोल आणि गंभीर त्याचा आकडा, लिहून घ्या. 3 म्हणजे आत गळू किंवा हाडापर्यंत संसर्ग. महिनाभर ड्रेसिंग, अँटिबायोटिक करूनही गुण आला नाही, हे तारखांसकट हवं. अमेरिकेतल्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याचीही अट हीच आहे: ग्रेड 3 किंवा वर, आणि 30 दिवस नेहमीचे उपचार करूनही फरक नाही. एका मुलीने आईच्या प्रत्येक ड्रेसिंगला जखमेशेजारी शाळेची पट्टी धरून फोटो काढले होते. कंपनीच्या शंकापत्राला त्याहून चांगलं उत्तर मी अजून पाहिलेलं नाही.

चेंबरआधी छातीचा एक्स-रे आणि कानाची तपासणी होते. सर्दी असेल तर निघण्यापूर्वीच फोन करा, दाबाने कान भयंकर दुखतो. शुगर उतरते, म्हणून उपाशीपोटी येऊ नका. कपडे सुती, मोबाइल, पावडर, अत्तर काही नको, कारण आत आगीची भीती असते. परवा एक काका डोक्याला चापून तेल लावून आले, तेही थेट एसटीने. परत पाठवावं लागलं, जीव तुटला.

नकार तोंडी मानू नका, कारण लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे अर्ज द्या. 30 दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जा. तिथे फी नाही, वकील लागत नाही. मात्र एक वर्षाची मुदत आहे, म्हणून कंपनीचं पत्र तारखेसकट जपून ठेवा.