सहकारी गृहनिर्माण संस्था

सदस्यांना निवासाची सोय व्हावी म्हणून सहकार कायद्याखाली नोंदवलेली संस्था. भारतातील नागरी घरमालकीचा, विशेषतः मुंबई-पुण्याकडील फ्लॅटच्या मालकीचा, हा सर्वांत रुळलेला प्रकार आहे. घरबांधणीला चालना देण्याचे शासनाचे अनेक उपाय (भूखंडांचे वाटप, सवलतीची कर्जे, जादा चटई क्षेत्र, म्हणजे भूखंडावर जास्त बांधकामाची मुभा) याच चौकटीतून राबवले गेले.

उगम : पहिली संस्था कोणती, याबद्दल एकमत नाही. काही लेखक १९०९ च्या बंगळूर बिल्डिंग को-ऑपरेटिव्ह सोसायटीला हा मान देतात. मुंबईत मात्र गावदेवीच्या सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटीचा (१९१५) उल्लेख भारतातील, क्वचित आशियातीलही, पहिली गृहनिर्माण संस्था असा होतो. हा वाद बराचसा कायद्याच्या चौकटीशी निगडित आहे. ब्रिटिश हिंदुस्थानातील १९०४ चा कायदा केवळ पतसंस्थांपुरता होता. बिगर-पतसंस्थांना १९१२ च्या कायद्याने वाट मोकळी झाली. म्हैसूर संस्थानाचा सहकार कायदा स्वतंत्र, १९०५ चा होता. त्यामुळे बंगळूरला ही अडचण आली नसावी. कालक्रमाने बंगळूर आधीचे, यात शंका नाही. परंतु जमीन व इमारत दोन्ही संस्थेच्या मालकीची आणि सदस्य तिचाच भाडेकरू, या आज परिचित असलेल्या रचनेचा आरंभ सारस्वत संस्थेपासून मानणे अधिक सयुक्तिक वाटते. तिचे प्रवर्तक रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी १९०६ मध्ये शामराव विठ्ठल पतसंस्थाही उभी केली होती. रचनेची कल्पना इंग्लंडमधील, बहुधा १९०१ च्या ईलिंग टेनंट्स या संस्थेच्या धर्तीची असावी. प्लेगच्या साथीनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई सुधार न्यासाने (सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट) नवे भूखंड पाडले नसते, तर हा प्रयोग कागदावरच राहिला असता.

आरंभीच्या अनेक संस्था एकेका ज्ञातीच्या होत्या. त्याचे कायदेशीर पडसाद फार उशिरा उमटले : अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये, सदस्यत्व पारशांपुरते मर्यादित ठेवणारा उपविधी (संस्थेचा अंतर्गत नियम) ग्राह्य धरला.

प्रकार : महाराष्ट्रात १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाखालील नियमांनुसार दोन मुख्य प्रकार पडतात. भाडेकरू-मालकी संस्थेत जमीन संस्थेची व घर सदस्याचे असते. बंगल्यांच्या भूखंड-सोसायट्या यात येतात. भाडेकरू-सहभागीदारी संस्थेत दोन्ही संस्थेचे असून सदस्याकडे भागपत्र (साधारणपणे ५० रुपयांचे १० भाग) आणि त्याला जोडून भोगवट्याचा (घर वापरण्याचा) हक्क असतो. हा हक्क म्हणजे मालमत्ता की नुसती परवानगी? तो जप्त होऊन विकता येतो, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये रमेश हिंमतलाल शाह खटल्यात दिला. रोजच्या बोलण्यातला ‘माझा फ्लॅट’ कायद्यात उभा आहे तो या हक्कावर.

बिल्डरचा प्रवेश : भाडे नियंत्रणामुळे (१९४७ चा मुंबई भाडे कायदा) भाड्यासाठी इमारती बांधणे परवडेनासे झाले आणि फ्लॅट बांधून विकण्याचा धंदा वाढला, असे सर्वसाधारण मत आहे, एकट्या त्या कायद्यावर सगळे खापर फोडणे मात्र अतिरेकी ठरेल. विक्रीतील गैरप्रकारांना आळा घालण्यासाठी १९६३ चा मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा (‘मोफा’) आला. यामुळे क्रम उलटला. पूर्वी सदस्य आधी एकत्र येत व मग बांधत. आता बिल्डर आधी विकतो आणि गाळाधारकांची संस्था मागाहून नोंदली जाते. मोफाच्या नियमांनुसार, करारात मुदत नसेल, तर संस्था नोंदल्यापासून ४ महिन्यांत जमीन-इमारतीचे अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स, म्हणजे मालकी संस्थेच्या नावे) करून देणे बिल्डरवर बंधनकारक आहे. प्रत्यक्षात रहिवासी वर्षानुवर्षे मेंटेनन्स भरतात, आणि मालमत्ता पत्रकावर नाव मूळ जमीनमालकाचेच राहते. त्यावरचा तोडगा म्हणजे मोफाच्या २००८ च्या दुरुस्तीने आलेले मानीव अभिहस्तांतरण (डीम्ड कन्व्हेयन्स). बिल्डर दाद देत नसल्यास संस्था जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करते. सुनावणीअंती मिळालेल्या प्रमाणपत्राच्या आधारे एकतर्फी दस्त नोंदवता येतो. मालकीवाढीच्या शासकीय उपायांत हा सर्वांत कमी गाजलेला, पण बहुधा सर्वांत मोलाचा म्हणावा लागेल. कारण जमिनीचा हक्क हाती नसलेल्या संस्थेचा पुनर्विकासही अडतो.

पुनर्विकास : याबाबतची, सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९ (अ) खालील मार्गदर्शक तत्त्वे २००९ ची, ती २०१९ मध्ये सुधारण्यात आली. त्याच वर्षीच्या १३ सप्टेंबरच्या शासन निर्णयाने, बिल्डरविना संस्थेनेच बांधकाम करण्याच्या स्वयंपुनर्विकासाला एक खिडकी परवानग्यांसह सवलती देऊ केल्या. यात खरी अडचण भांडवलाची. तालमकींच्या काळीही तीच होती.

गोव्यात १९६० चा महाराष्ट्राचाच अधिनियम लागू होता. २००१ मध्ये स्वतंत्र कायदा झाला.