मल्टी-फ्रिक्वेन्सी मशीन घेतलं म्हणून 20 फुटांवरचं गुप्तधन दिसत नसतंय

आपल्याकडं पैठण-तेर भागात कित्येक वर्षं हेच ऐकतोय की महागडा मल्टी-फ्रिक्वेन्सी मेटल डिटेक्टर 20 फूट खालचं सोनं दाखवतो आणि तेही फक्त सोनंच. दोन्ही साफ चूक. नाण्याएवढी वस्तू जेमतेम वीतभर खोल असली तर लागते, मोठा हंडा असला तर अजून थोडं खाली, पण 20 फूट नाही म्हणजे नाही.

मग मल्टी कशाला? कमी फ्रिक्वेन्सी चांदी-तांब्याच्या मोठ्या वस्तूंना बरी, जास्त फ्रिक्वेन्सी बारीक सोन्याला, हे मशीन दोन्ही एकदम वापरतं आणि मुख्य म्हणजे जमिनीचा सिग्नल वेगळा काढतं. आपली काळी माती बेसाल्टची, लोहखनिज भरपूर, त्यात साधं मशीन उगाच ओरडत राहतं. म्हणून आधी मोकळ्या जागेवर कॉइल, म्हणजे मशीनच्या टोकाची गोल चकती, वर-खाली करून ग्राउंड बॅलन्स कराच, म्हणजे मातीचा सिग्नल सोडून द्यायला मशीनला शिकवा.

आमच्या काकूंची कुडी सोयाबीन खुरपताना पडली तेव्हा आधी गोळ्यांच्या पाकिटाची पन्नीच निघत राहिली, कारण पातळ ॲल्युमिनियम आणि बारीक सोनं दोघांचा आकडा स्क्रीनवर जवळपास सारखाच येतो, शेवटी कुडी सापडली ती चार बोटं खोल, ढेकळात अडकलेली! असल्या कामाला हे मशीन खरंच लाखमोलाचं आहे.

गुप्तधनाच्या नादात असाल तर हेही ऐका, 1878 च्या कायद्यानं जमिनीत 10 रुपयांपेक्षा जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं.