पार्श्वभूमी : ‘यंदा हाडं गोठणार’ आणि पुण्यातला हशा

ऑक्टोबरचा उकाडा संपायच्या आत पहिली बातमी येऊन धडकते. ‘ला निना’मुळे, म्हणजे दूरच्या पॅसिफिक महासागराचं पाणी थंड झाल्यामुळे, यंदा कडाक्याची थंडी, कित्येक वर्षांतला सर्वांत गारठलेला हिवाळा, हाडं गोठणार, वगैरे. ही बातमी वाचून घाबरलेला माणूस पुण्यात शोधावा लागतो. हसणारे भरपूर भेटतात आणि खूश होणारे त्याहून जास्त. माळ्यावरची स्वेटरं खाली येतात, पहाटे तळजाईला जायचे संकल्प सुटतात, हुरडा पार्टीची चौकशी सुरू होते. मग कुणीतरी हमखास म्हणतं, “वेधशाळेने थंडी सांगितली ना? मग पंखे पुसून ठेवा.”

या टोमण्याला मोठा इतिहास आहे. गंमत म्हणजे बहुतेक वेळा तो भलत्याच पत्त्यावर जाऊन पडतो.

भारतीय हवामान खातं १८७५ साली सुरू झालं. त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हंगामी अंदाजाचा जो पहिला धागा धरला तो हिवाळ्याचाच होता. हिमालयात बर्फ जास्त पडलं तर पुढचा पाऊस कमी, असा त्यांचा आडाखा होता. १८७७ च्या दुष्काळानंतर सरकारला असं काहीतरी हवंच होतं आणि १८८६ पासून हे अंदाज रीतसर निघू लागले. खात्याचं मुख्यालय कोलकात्याहून शिमल्याला गेलं आणि १९२८ मध्ये तिथून पुण्यात आलं. १९४४ मध्ये ते दिल्लीला हललं, पण शिवाजीनगरची इमारत आणि तिच्यातलं मोठं काम इथेच राहिलं. पुणेकरांची ‘वेधशाळा’ ती हीच. इमारतीला लोक ‘सिमला ऑफिस’ म्हणू लागले आणि चौकालाही तेच नाव चिकटलं. हवामान खात्याच्या नावाने बोटं मोडायची तर देशातल्या बाकीच्यांना दिल्लीकडे बघावं लागतं. पुणेकराला बसच्या खिडकीतून समोर इमारतच दिसते.

त्या इमारतीत काय काम झालं हे मात्र बोटं मोडणाऱ्यांना फारसं ठाऊक नसतं. १९३२ साली इथे कृषी हवामानशास्त्राचा विभाग सुरू झाला तो एल. ए. रामदास यांच्या देखरेखीखाली. त्याच वर्षी रामदास आणि आत्मनाथन यांनी एक विचित्र गोष्ट मांडली. वारा पडलेल्या, निरभ्र रात्री सर्वांत थंड हवा जमिनीला चिकटून नसते, जमिनीच्या थोडी वर असते. बाहेरच्या शास्त्रज्ञांनी सुरुवातीला हे मोजमापातली चूक म्हणून बाजूला सारलं. पुढे ते खरं ठरलं आणि तो थर ‘रामदास थर’ म्हणून ओळखला जाऊ लागला. किमान तापमान हा आकडा किती नाजूक असतो हे यावरून कळावं. तापमापक कुठे आणि जमिनीपासून किती उंचीवर ठेवला आहे, भोवती गवत आहे की सिमेंट, यावर तो हलतो. म्हणूनच वेधशाळेतले तापमापक झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर ठेवतात. गाडीच्या डॅशबोर्डवर दिसणाऱ्या आकड्याला असलं कुठलंच बंधन नसतं.

पुण्याचा आजवरचा नीचांक १७ जानेवारी १९३५ चा आहे, १.७ अंश सेल्सिअस. (मुंबईचा ७.४, २२ जानेवारी १९६२ चा. मुंबईकरांशी वाद घालताना हा आकडा कामी येतो.) तेव्हाचं शिवाजीनगर म्हणजे जुनं भांबुर्डे, शेतामळ्यांच्या शेजारचं. आज त्याच परिसरात रस्ते, पूल, मेट्रो आणि रात्रभर उष्णता सोडत राहणाऱ्या भिंती आहेत. तरीही दरवर्षी एखादी सकाळ उजाडते आणि बातमीत ‘रेकॉर्डब्रेक’ येतं. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस पारा सहाच्या खाली उतरला, तेव्हा नव्वद वर्षांच्या आजीआजोबांना पत्रकारांनी “अशी थंडी कधी पाहिली होती का” असं विचारलं असेल, तर त्यातल्या काहींनी १९३५ चीच थंडी पाहिलेली असणार.

टोमण्याचं मूळ मात्र थंडीत नाही, पावसात आहे. आकाशवाणीचं पुणे केंद्र १९५३ साली सुरू झालं आणि ‘पुणे वेधशाळेच्या अंदाजानुसार येत्या चोवीस तासांत’ हे शब्द घराघरात पोचले. पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवायची, हा विनोद मराठीत तेव्हापासून तीन पिढ्या तरी चालला आहे. त्याला सर्वांत मोठा आधार २००२ ने दिला. शास्त्रज्ञ वसंत गोवारीकरांच्या नावाने ओळखलं जाणारं, पावसाच्या अंदाजाचं सोळा घटकांचं मॉडेल १९८८ पासून वापरात होतं. गोवारीकर पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरूही झाले, त्यामुळे इथे त्याचं कौतुक घरचं होतं. २००२ मध्ये अंदाज सरासरीइतक्या पावसाचा होता आणि प्रत्यक्षात देशात सरासरीच्या ८१ टक्के पडला. जुलैत तर सरासरीच्या निम्म्याच्या आसपासच पडला. पुढच्याच वर्षी मॉडेल बदललं. पण लोकांच्या लक्षात मॉडेल राहत नाही, तो जुलै राहतो. थंडीच्या अंदाजाला ही बदनामी आयती वारशाने मिळाली.

मग २००७-०८ च्या सुमारास मराठी वृत्तवाहिन्यांची रांग लागली. वर्तमानपत्राला दिवसातून एकदा मथळा लागतो, वाहिनीला दर अर्ध्या तासाला. ‘महाराष्ट्र गारठला’, ‘पुण्याला हुडहुडी’, ‘महाबळेश्वरात दवबिंदू गोठले’ हे तीन मथळे तेव्हापासून दर हिवाळ्यात फिरून येतात. वेण्णा लेकच्या काठावर गवतावर साचलेले हिमकण हा तिसऱ्या बातमीचा कायमचा ऐवज. तो खरा असतो, सुंदरही असतो, फक्त पुण्याच्या तापमानाशी त्याचा संबंध नसतो.

खात्याच्या भाषेत ‘थंडीची लाट’ इतकी स्वस्त नाही. सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा खाली आणि शिवाय सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी असावं लागतं. सरासरीपेक्षा साडेसहा अंश किंवा त्याहून जास्त घसरलं तर तीव्र लाट. किंवा मग पारा थेट चारवर किंवा त्याखाली जायला हवा. तेही एका ठिकाणी, एका सकाळी होऊन भागत नाही. विभागातल्या निदान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस तशी नोंद झाली तर दुसऱ्या दिवशी लाट जाहीर होते. पुण्याची जानेवारीतली सरासरी साधारण अकराची. म्हणजे साडेसहाच्या आसपास उतरल्याशिवाय पुण्यात लाट येत नाही. नऊ अंशांच्या सकाळी कानटोपी घालून अमृततुल्यच्या चहासाठी उभ्या असलेल्या माणसाला हे सांगून बघा. खात्याच्या इशाऱ्यांच्या रंगांचंही तेच झालं. हिरवा, पिवळा, केशरी आणि लाल या चारांत पिवळ्याचा अर्थ एवढाच की लक्ष ठेवा, माहिती घेत राहा. ‘यलो अलर्ट’ हे शब्द निवेदकाच्या तोंडून बाहेर पडतात तेव्हा मात्र वाटतं, गाव खाली करायचं आहे.

आणि पुणं तरी कुठलं? पूर्वी शिवाजीनगरचा आकडा म्हणजे पुण्याचा आकडा, फार तर जोडीला लोहगाव. आता पाषाण, एनडीए, हवेली, मगरपट्टा, चिंचवड, कोरेगाव पार्क अशी स्वयंचलित केंद्रं झाली आहेत. एकाच पहाटे त्यांच्यात कित्येक अंशांचा फरक पडतो. निरभ्र रात्री टेकड्यांच्या उतारावरची थंड हवा खाली ओघळून मोकळ्या खोलगट जागेत साचते, तर दाट वस्तीत काँक्रीट रात्रभर ऊब सोडत राहतं. म्हणून खडकवासल्याच्या बाजूला हुडहुडी भरते आणि मगरपट्ट्यात पंखा चालू असतो. मथळ्याला अर्थातच त्यातला सर्वांत लहान आकडा लागतो. लोकांनी याचीही स्पर्धा करून टाकली आहे. “आमच्याकडे आज सात!” हे एनडीए रस्त्याकडचा माणूस अशा सुरात सांगतो की त्यात त्याच्या सोसायटीचंही कर्तृत्व असावं.

व्हॉट्सॲप आल्यावर या सगळ्याला पाय फुटले. ‘अल्फेलियन’चा निरोप आठवत असेल. उद्या पहाटे ५ वाजून २७ मिनिटांपासून पृथ्वी सूर्यापासून लांब जाणार, अंतर ९ कोटींवरून १५.२ कोटी किलोमीटर होणार, ऑगस्टपर्यंत कधी नव्हे अशी थंडी पडणार, सर्दी-खोकला होईल, काळजी घ्या. यातला १५.२ कोटींचा आकडा बरोबर आहे, ९ कोटींचा निव्वळ बनावट. पृथ्वी सूर्यापासून सर्वांत लांब असते जुलैच्या सुरुवातीला आणि सर्वांत जवळ, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर, जानेवारीच्या सुरुवातीला. म्हणजे ज्या आठवड्यात आपण शेकोटीभोवती बसतो, त्याच आठवड्यात सूर्य जास्तीत जास्त जवळ असतो. फरक जेमतेम तीनेक टक्क्यांचा. तरीही तो निरोप दरवर्षी परत येतो, आणि ‘काळजी घ्या’ हे शेवटचं वाक्य असल्यामुळे पाठवणाऱ्याला आपण काही वाईट करतोय असं वाटत नाही.

२०२४ च्या हिवाळ्यात तर सगळंच एकत्र आलं. सप्टेंबरात जागतिक हवामान संघटनेने सांगितलं की ऑक्टोबर ते फेब्रुवारीदरम्यान ला निना येण्याची शक्यता ६० टक्के आहे. ला निना म्हणजे विषुववृत्तीय पॅसिफिकचं पाणी नेहमीपेक्षा थंड होणं. अशा वर्षी उत्तर भारतात थंडीचा कल वाढतो, वाढेलच असं नाही. मराठीत पोचेपर्यंत ६० टक्के शक्यतेचे शंभर झाले, पॅसिफिकचं पुणे झालं आणि कल होता तिथे हाडं आली. त्यानंतर २ डिसेंबरला आपल्या हवामान खात्याने हिवाळ्याचा अंदाज दिला. असे हंगामी तापमान अंदाज खातं २०१६ पासून देतंय. त्यात देशाच्या बहुतेक भागांत किमान तापमान सरासरीपेक्षा जास्त आणि थंडीच्या लाटेचे दिवस कमी, असं स्पष्ट म्हटलं होतं. घडलंही तसंच. २०२५ चा फेब्रुवारी देशात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला. पुण्यात त्या महिन्यात हशा पिकला तो कुणाच्या नावाने? वेधशाळेच्या. अंदाज बरोबर आला होता, चुकला होता तो मथळा. पण मथळ्याला इमारत नसते आणि त्याच्या नावाचा चौकही नसतो.

पुण्याची थंडी एखाद्या हंगामी भाकितात बसत नाही, याचं कारणही त्याच हिवाळ्यात दिसलं. इथे गारठा पडायला आकाश निरभ्र, हवा कोरडी आणि वारा उत्तरेकडून हलका लागतो. हिमालयावरून पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून येणारी वादळी हवा, पुढे सरकला की तिकडची थंड हवा खाली येते. पण बंगालच्या उपसागरात काही शिजलं की ढग आणि दमट वारे येतात आणि रात्रीची उष्णता पांघरुणाखाली अडकते. नोव्हेंबर २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात पारा दहाच्या खाली होता. मग तमिळनाडूच्या किनाऱ्यावर ‘फेंगल’ चक्रीवादळ आलं आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इथे लोक घाम पुसत होते. चार दिवसांपूर्वी काढलेलं स्वेटर पुन्हा कपाटात गेलं.

परदेशातल्या हिमवादळांची भाकितंही पुण्यात घरची असतात, कारण निम्म्या सोसायटीची मुलं न्यू जर्सी नाहीतर बोस्टनला. जानेवारी २०१५ मध्ये न्यू यॉर्कला ऐतिहासिक हिमवादळाचा इशारा होता. दोन फुटांहून जास्त बर्फ पडेल म्हणून बर्फापायी पहिल्यांदाच भुयारी रेल्वे बंद ठेवली गेली. सकाळी सेंट्रल पार्कमध्ये मोजलं तर दहा इंचांपेक्षा थोडं कमी. वादळ थोडं पूर्वेकडून सरकलं होतं. बोस्टनमध्ये मात्र दोन फूट बर्फ खरोखर पडलं. अमेरिकेच्या सरकारी हवामान सेवेतल्या एका अंदाजकाराने रात्रीच जाहीर माफी मागितली, तरी थट्टा व्हायची ती झालीच. पण अशाच भाकितांना हलक्यात घेतलं तर काय होतं हे फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये दिसलं. वीज गेली, घरं गोठली, अधिकृत नोंदीनुसार २४६ माणसं गेली. ‘बॉम्ब सायक्लोन’ (झपाट्याने तीव्र होणारं वादळ) आणि ‘पोलर व्होर्टेक्स’ (ध्रुवाभोवती फिरणारी थंड हवा) हे शब्द आपल्या वाहिन्यांवर अमेरिकेतूनच आले. तिथे त्यांना अर्थ आहे. इथे नऊ अंशांच्या बातमीमागे गोठलेला नायगारा लावला की दोन्हींचा अर्थ जातो.

थंडीला न हसणारे लोक पुण्यापासून फार लांब नाहीत. नारायणगाव-जुन्नरच्या आणि त्याहून जास्त निफाडच्या द्राक्षबागांत पारा एका मर्यादेखाली गेला की मणी तडकतात, वाढ थांबते, निर्यातीचा माल बाद होतो. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा म्हणूनच राज्यभर वाचला जातो. त्याच थंडीवर गहू आणि हरभरा खूश असतात, त्यामुळे एकाच बांधाच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या प्रार्थना चालू असतात. साखर कारखान्यांच्या पट्ट्यात बीडकडून आलेले ऊसतोड कामगार उघड्या रानात कोप्या बांधून राहतात. पहाटे अंधारात कोयता हाती घ्यायचा आणि लेकरं कोपीत, पाचटाच्या आडोशाला. त्यांच्यापर्यंत पिवळा रंगही पोचत नाही आणि ला निनाही.

शेतकऱ्यांसाठी खातं आणि कृषी विद्यापीठं मिळून आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, कृषी हवामान सल्ला काढतात. त्यात पुढच्या पाच दिवसांचं किमान तापमान, आर्द्रता आणि वारा असतो. खाली दोन-तीन ओळींत पिकाचा सल्ला. थंडी वाढणार असेल तर बागेला पाणी द्या, पहाटे शेकोट्या करून धूर धरा. ते वाचून बागायतदार गड्याला संध्याकाळीच ओला पालापाचोळा बांधावर गोळा करायला सांगतो आणि मोटारीला वीज रात्रपाळीची आहे की दिवसाची, हे बघायला जातो.