डक्टचे सांधे: बंद करणे आणि हवाबंद करणे

पत्र्याच्या डक्टचा, म्हणजे इमारतीत थंड-गरम हवा वाहून नेणाऱ्या नळाचा, सांधा बंद असणे आणि तो हवाबंद असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या व्यवसायात रुजायला बराच काळ जावा लागला. एका पत्र्याची कड दुसऱ्याच्या खाचेत बसवून वरचा पदर हातोडीने ठोकायचा, ही पिट्सबर्ग लॉकची रीत लांबीच्या सांध्यांसाठी आजही चालते. डक्टचे दोन तुकडे टोकाशी जोडताना पट्ट्या सरकवतात किंवा फ्लँज, म्हणजे टोकाच्या बाहेर वळलेल्या कडा, बोल्टने आवळतात. अशा जोडाने डक्टला मजबुती येते, मात्र दुमडीतली बारीक फट तशीच राहते आणि दाबाखालची हवा तिच्यातून निसटत राहते.

फटी झाकणारी टेप आली ती युद्धातून. इलिनॉयमधील दारूगोळ्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या व्हेस्टा स्टाउट यांनी १९४३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना पत्र लिहून काडतुसांच्या खोक्यांसाठी पाणी न शिरणारी कापडी टेप सुचवली आणि जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने तशी टेप बनवली. युद्धानंतर ती चंदेरी रंगात डक्टवर चढली आणि ‘डक्ट टेप’ म्हणून ओळखली जाऊ लागली. ओल अडवण्यासाठी घडवलेल्या या वस्तूची डक्टमधल्या उष्णतेशी गाठ पडणार होती, आणि माझ्या मते पुढच्या चुकीचे मूळ तिथेच आहे.

स्वीडनने १९६० च्या दशकातच गळतीच्या मर्यादा घालून दिल्या आणि तिथे सांध्यात रबरी गॅस्केट (फट बुजवणारी चकती) असलेले गोल डक्ट रूढ झाले. अमेरिकेत स्मॅक्ना या पत्राकाम कंत्राटदारांच्या संघटनेने १९८५ मध्ये गळती चाचणीची पुस्तिका काढली. तिच्यातल्या सीलबंदीच्या वर्गांपैकी सी वर्गात केवळ आडवे, म्हणजे तुकडे टोकाशी जोडणारे सांधे, बी वर्गात लांबीचे सांधेही, तर ए वर्गात पत्र्याला पाडलेल्या भोकांच्या कडाही सील करणे अपेक्षित आहे.

टेपचा निकाल १९९८ मध्ये लागला. लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेत मॅक्स शेर्मन आणि इयान वॉकर यांनी तापवलेल्या व थंड हवेच्या माऱ्यात निरनिराळी सीलबंदी तपासली, तेव्हा रबरी गोंदाची कापडी टेप वारंवार सुटली, मास्टिक मात्र टिकले. ब्रशने लावायचे हे घट्ट लुकण फटीत शिरून तिथेच वाळते. मोठ्या फटीवर त्याखाली जाळीची पट्टी घालावी लागते. हात पोहोचत नाही अशा सांध्यांसाठी त्याच प्रयोगशाळेत मार्क मोडेरा यांनी १९९० च्या दशकात वेगळी पद्धत विकसित केली: डक्टची तोंडे तात्पुरती बंद करून आत सीलंटचे, म्हणजे फट बुजवणाऱ्या चिकट द्रव्याचे, सूक्ष्म कण दाबाने सोडायचे, म्हणजे बाहेर पडू पाहणारी हवाच त्यांना गळतीच्या कडांवर नेऊन बसवते.