वारसा मक्याची बर्बन : आस्वाद आणि परीक्षण

संकरित बियाणे येण्यापूर्वी अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी घरचे बी राखून पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या मक्याच्या जुन्या वाणांना तिकडे वारसा वाण म्हणतात. अशा मक्यापासून छोट्या उत्पादकांनी गाळलेली बर्बन व्हिस्की अलीकडच्या काळात वेगळ्या ओळखीने विकली जाऊ लागली आहे. तिचे परीक्षण करताना एका प्रश्नाचा माग काढायचा असतो : पेल्यातल्या चवीत मक्याचा वाटा किती आणि लाकडाचा किती? हा प्रश्न न विचारता दिलेले गुण बहुधा बाटलीवरच्या कहाणीला मिळतात.

बर्बनची व्याख्या अमेरिकेच्या संघीय नियमांनी ठरवून दिली आहे. धान्याच्या मिश्रणात किमान ५१ टक्के मका हवा. भट्टीतून निघणारे मद्य ८० टक्के अल्कोहोलपेक्षा तीव्र चालत नाही आणि पिंपात भरताना ते ६२.५ टक्क्यांच्या वर असता कामा नये. पिंप ओकचे, नवे आणि आतून जाळलेले लागते. बाटलीत किमान ४० टक्के अल्कोहोल असावे लागते; रंग किंवा स्वाद वरून घालता येत नाही. १९६४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने ठरावाद्वारे बर्बनला देशाचे वैशिष्ट्यपूर्ण उत्पादन म्हणून मान्यता दिली. ती केंटकी या अमेरिकी राज्यातच बनली पाहिजे अशी अट मात्र नाही.

छोट्या उत्पादकांच्या मद्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘क्राफ्ट’ या शब्दाला या नियमांत व्याख्या नाही. मका कोणत्या वाणाचा आणि मिश्रणात त्याचा वाटा किती, हे छापण्याची सक्तीही नाही. त्यामुळे जाणकार परीक्षक आधी लेबल वाचतो. ‘डिस्टिल्ड बाय’ असे लिहिले असेल तर त्या कंपनीने मद्य स्वतः गाळलेले असते. नुसते ‘बॉटल्ड बाय’ असेल तर ते दुसऱ्या मोठ्या कारखान्यातून विकत घेतलेले असू शकते. ‘स्ट्रेट’ म्हणजे किमान दोन वर्षे पिंपात मुरलेली. ‘बॉटल्ड इन बाँड’ ही १८९७ च्या कायद्यातून आलेली खूण सर्वांत जास्त सांगून जाते : एकाच कारखान्यातले, एकाच हंगामात गाळलेले, किमान चार वर्षे मुरलेले आणि बरोबर ५० टक्क्यांवर बाटलीत भरलेले मद्य. वारसा मक्याच्या बाटलीवर ही खूण दिसली तर परीक्षणाला भक्कम आधार मिळतो.

मक्याचा इतिहास चवीशी जोडलेला आहे. इलिनॉयमध्ये स्थायिक झालेल्या रॉबर्ट रीड यांच्या शेतात १८४७ साली दोन प्रकारच्या मक्याचा संकर घडला. पुढे त्यांच्या मुलाने निवड करून तो सुधारला. ‘रीड्स यलो डेंट’ या नावाने त्याला १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात पारितोषिक मिळाले आणि आजच्या बऱ्याच पिवळ्या संकरित मक्याच्या वंशावळीत तो आहे. १९३० च्या दशकापासून संकरित बियाणे पसरले, उत्पन्न अनेक पटींनी वाढले आणि गावोगावचे लाल, पांढरे, निळे वाण शेतातून हटले. मोठे कारखाने आज प्रामुख्याने पिवळा संकरित मका घेतात, कारण त्यात स्टार्च भरपूर असतो आणि पुरवठा एकसारखा होतो. त्या निवडीत चवीला फारसे स्थान नव्हते.

जिमी रेड या वाणाची गोष्ट इथे सांगायलाच हवी. साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टनजवळच्या जेम्स बेटावरचा हा गडद लाल मका चोरून दारू गाळणाऱ्यांच्या आवडीचा होता. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो जवळपास संपला होता आणि बी जपणाऱ्या मोजक्या लोकांमुळे टिकला. स्कॉट ब्लॅकवेल आणि ॲन मार्शल यांनी २०१३ मध्ये चार्ल्स्टनला सुरू केलेल्या हाय वायर डिस्टिलिंग कंपनीने तो पुन्हा शेतात आणवला आणि निव्वळ याच मक्याची बर्बन बाजारात आणली. केंटकीतल्या शेल्बीव्हिलची जेप्था क्रीड ही कंपनी आपल्याच शेतात ‘ब्लडी बुचर’ हा लाल दाण्याचा वाण पिकवते. परीक्षकासाठी निव्वळ मका आणि धान्यांचे मिश्रण या दोन पद्धतींमधला फरक महत्त्वाचा आहे. निव्वळ मक्याच्या बर्बनमध्ये मका लपू शकत नाही. मिश्रणात राय (गव्हासारखे एक धान्य) असेल तर तिचा मिरमिरीतपणा मक्याच्या आधी जिभेवर पोचतो, गहू असेल तर तो सगळेच मऊ करतो.

लाल-निळ्या मक्याबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. दाण्याचा रंग अँथोसायनिन या द्रव्यांमुळे येतो. ती द्रव्ये वाफेबरोबर उडत नाहीत, भट्टीतच मागे राहतात. भट्टीतून येणारे मद्य मका कोणत्याही रंगाचा असला तरी पाण्यासारखे स्वच्छ असते आणि बर्बनचा तांबूस रंग सगळाच्या सगळा जळलेल्या लाकडाचा असतो. रंगावरून मक्याची प्रत ठरवणारे परीक्षण त्यामुळे बाद समजावे. वाणाचा खरा प्रभाव दाण्यातले तेल, प्रथिने, स्टार्चची घडण आणि सालीतली फेरुलिक आम्लासारखी द्रव्ये यांच्या वाटेने येतो. आंबवताना या घटकांपासून, आणि यीस्टच्या कामातून, उडून जाणारी सुगंधी द्रव्ये तयार होतात. तीच वाफेबरोबर पुढे जातात. २०१९ मध्ये टेक्सासमध्ये झालेल्या एका अभ्यासात वेगवेगळ्या मक्यापासून गाळलेले ताजे, न मुरवलेले मद्य तपासले गेले आणि वाण तसेच पिकाची जागा या दोन्हींचा वासावर व चवीवर परिणाम दिसला. विशेष म्हणजे तपासलेला मका साधा पिवळा होता. जुना वाण आहे म्हणून चव चांगलीच असेल असे गृहीत धरण्याचे कारण नाही. वेगळी असेल एवढी अपेक्षा रास्त आहे.

हा फरक पेल्यापर्यंत टिकणे कठीण असते, कारण नवे जाळलेले ओक फार जोरकस आहे. त्यातून व्हॅनिलिन, खोबऱ्याच्या वासाचे लॅक्टोन, लवंगेत असते तेच युजेनॉल आणि धुरकट ग्वायाकॉल उतरते. मोठ्या कारखान्यांचे पिंप सुमारे २०० लिटरचे असते. छोट्या उत्पादकांनी सुरुवातीला पैसा लवकर सुटावा म्हणून त्याहून बरीच लहान पिंपे वापरली. लहान पिंपात मद्याच्या मानाने लाकडाचा पृष्ठभाग जास्त, त्यामुळे रंग आणि तुरटपणा काही महिन्यांत येतो. हवेशी संथपणे होणाऱ्या क्रिया मात्र लहान पिंपाने पूर्ण होत नाहीत, त्यांना वर्षे लागतात. अशा बर्बनमध्ये वर ओल्या फळीचा उग्र वास आणि खाली कच्चे मद्य, असे दोन थर एकमेकांत न मिसळता जाणवतात. वारसा मक्याच्या अनेक बाटल्यांचे खरे अपयश इथे आहे आणि दोष मक्याला दिला जातो.

आस्वादासाठी बुडाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळता पेला घ्यावा. २००१ मध्ये स्कॉटलंडमधून बाजारात आलेला ग्लेनकेर्न त्यासाठी सर्वत्र वापरला जातो. थोडेसे ओतून दहा-पंधरा मिनिटे तसेच ठेवावे. नाक पेल्यात खुपसू नये. तोंड किंचित उघडे ठेवून, पेला हनुवटीजवळून हळूहळू वर आणत वास घेतला की अल्कोहोलचा ठसका नाकाला बधिर करत नाही. पहिला घोट फक्त जिभेला सवय व्हावी म्हणून असतो, त्यावरून मत बनवू नये. दुसरा घोट तोंडात सगळीकडे फिरवावा. बुकर नो हे जिम बीम घराण्यातले नामांकित भट्टीदार व्हिस्की चक्क चावल्यासारखी तोंडात घोळवत, आणि त्या रीतीला ‘केंटकी च्यू’ असे नाव पडले. वारसा मक्यासाठी ती विशेष उपयोगी आहे, कारण तेलकट, दाट स्पर्श हा या बर्बनचा सर्वांत विश्वासार्ह गुण आहे आणि तो वासात कळत नाही.

मग पाणी, थेंबाथेंबाने. २०१७ मध्ये स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी संगणकीय प्रतिरूपाने दाखवले की ४५ टक्क्यांपर्यंतच्या अल्कोहोलमध्ये ग्वायाकॉलचे रेणू द्रवाच्या पृष्ठभागाशी राहतात. ५९ टक्क्यांच्या वर अल्कोहोल त्यांना वेढून आत ओढते. पिंपातल्या तीव्रतेवरच भरलेली बर्बन पाण्याशिवाय तपासणे म्हणूनच अपुरे ठरते.

वर्णनाचे शब्द आपल्या स्वयंपाकघरातले असावेत. अमेरिकी नोंदींतला कॉर्नब्रेड किंवा चेरी कोला मराठी माणसाने उसना घेण्यात अर्थ नाही. काकवी, सुके खोबरे, जायफळ, खरपूस भाजलेले कणीस, कच्चे शेंगदाणे, मक्याचे ओले पीठ हे शब्द अधिक नेमके आहेत आणि पुन्हा चव घेताना तपासून पाहता येतात. यांतले पहिले तीन बहुधा लाकडाकडे बोट दाखवतात, शेवटचे तीन धान्याकडे.

धान्याकडच्या खुणांतही एक सापळा आहे. डब्यातल्या गोड मक्यासारखा, किंचित कोबीकडे झुकणारा वास आला की अनेकांना मका सापडल्याचा आनंद होतो. हा वास बऱ्याचदा डायमिथाइल सल्फाइडचा असतो. भट्टीत मद्याच्या वाफेला तांब्याचा पुरेसा संपर्क मिळाला नाही की गंधकाची अशी संयुगे मागे उरतात. तो गाळण्यातला दोष धरावा. नेलपॉलिशसारखा वास ऊर्ध्वपातनातला सुरुवातीचा भाग नीट वेगळा न केल्याचे सांगतो, भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास शेवटचा भाग जास्त घेतल्याचे.

मक्याचा वाटा खात्रीने ओळखायचा असेल तर झाकून घेतलेली त्रिकोणी चाचणी सर्वांत प्रामाणिक. तीन पेल्यांपैकी दोनांत एकच बर्बन, तिसऱ्यात दुसरी, आणि वेगळा पेला शोधायचा. नुसत्या अंदाजानेही तीनातून एकदा उत्तर बरोबर येते, म्हणून फेऱ्या अनेक घ्याव्या लागतात. जोडी लावताना वय, अल्कोहोलचे प्रमाण आणि पिंपाचा आकार शक्य तितका जवळचा ठेवावा. एकाच कारखान्याची पिवळ्या मक्याची आणि वारसा मक्याची बर्बन शेजारी ठेवता आली तर उत्तम. त्याच कारखान्याचे न मुरवलेले मद्य मिळाले तर त्याहून चांगले, कारण त्यात लाकूड नसतेच. भारतात अशी जोडी जमवणे अवघड आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये बर्बनवरचे आयात शुल्क १५० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर आले खरे, तरी इथल्या दुकानांत दिसतात ती प्रामुख्याने मोठ्या कंपन्यांचीच नावे.